शुल्क माफ करा, दाखला माफ करू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंड्यांच्या आयातीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, अंड्यांची टंचाई झाली, की सरकारने आयातीच्या ‘जाचक अटी’ निदान सहा महिने बाजूला ठेवाव्यात, पशुवैद्यकीय दाखल्याचा (म्हणजे माल सुरक्षित असल्याचं पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी पशुवैद्यकाने सहीनिशी लिहून देण्याचा) आग्रह सोडावा आणि माल सरळ आत घ्यावा, असा त्या लेखाचा सूर आहे. टंचाईत ज्यांच्या ताटातलं प्रथिन जातं त्यांच्याविषयीची लेखकाची कळकळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण सुचवलेला उपाय चुकीचा आहे, आणि तो छापून आल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

मी २६ वर्षं एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आयातीची कागदपत्रं सांभाळली. अंड्याची पावडर, गोठवलेला बलक, पांढऱ्याची पावडर असा माल आमच्याकडे कंटेनरने यायचा. बंदरात माल अडला की पहिला फोन मला. त्यामुळे अटींचा जाच म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. तरीही माझं म्हणणं एकच आहे: टंचाईत आयातशुल्क हवं तर पूर्ण माफ करा, दाखला माफ करू नका. शुल्क हा तिजोरीचा हिशेब आहे, सहा महिन्यांनी ते पुन्हा लावता येतं. दाखला सैल केल्यावर जो रोग आत येतो, त्याला सहा महिन्यांनी परत पाठवता येत नाही.

लेखात सगळीकडे ‘अंडी’ असा एकच शब्द आहे. गोंधळ तिथूनच सुरू होतो. सीमाशुल्काच्या जगात अंडं हा एक माल नाही. जगभर जी सामायिक वर्गवारी चालते, तिच्यात कवचासकटचं अंडं ०४०७ या क्रमांकात बसतं, आणि तिथेही उबवणीचं अंडं वेगळं, खायचं वेगळं. कवच फोडून काढलेलं अख्खं अंडं किंवा पिवळा बलक, मग तो पातळ असो, गोठवलेला असो की वाळवलेला, ०४०८ मध्ये जातो. आणि नुसता पांढरा भाग? तो अंड्यांच्या प्रकरणात नाहीच. तो ३५०२ मध्ये, सरस आणि एन्झाइम ज्या प्रकरणात येतात त्या ३५ व्या प्रकरणात, अल्ब्युमिन (पांढऱ्यातलं प्रथिन) म्हणून बसतो. मी नोकरीला लागले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी पांढऱ्याच्या पावडरचा परवाना मी ०४०८ च्या खाली मागितला. परवाना एका क्रमांकाचा, माल दुसऱ्या क्रमांकाचा, आणि कंटेनर आठवडाभर धक्क्यावर उभा. चूक पूर्णपणे माझी होती. पण त्या आठवड्यात एक गोष्ट कायमची शिकले: कोणत्या अटी लागणार हे ‘अंडं’ या शब्दावर ठरत नाही, त्या अंड्याचं पुढे काय होणार आणि आधी काय केलंय यावर ठरतं.

सगळ्यात कडक अटी उबवणीच्या अंड्यांना असतात, आणि त्या तशाच असायला हव्यात. ते अंडं कुणी शिजवणार नाही. त्याला ३७ अंशांच्या वर ऊब देऊन तीन आठवडे जपलं जाणार आणि त्यातून निघालेलं पिल्लू हजारो पिल्लांत मिसळणार. म्हणून नुसत्या अंड्याचा दाखला तिथे चालत नाही, ज्या कोंबड्यांनी ते घातलं त्या कळपाचा लागतो: कळपात बर्ड फ्लू नाही, राणीखेत नाही (जगात त्यालाच न्यूकॅसल म्हणतात), पुलोरम म्हणजे पिल्लांची पांढरी हगवण नाही, मायकोप्लाझ्मा हा श्वसनाचा आजार करणारा जंतू नाही. अंडी निर्जंतुक केलेली हवीत आणि खोकी, ट्रे नवे हवेत. यातली एक ओळ सहा महिने गाळली तर काय होईल ते पोल्ट्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

खायच्या कवचाच्या अंड्याची गोष्ट निराळी. सामान्य माणसाला वाटतं की अंडं म्हणजे निसर्गानेच सीलबंद केलेला डबा. वरून पुसलं की झालं. साल्मोनेला एन्टरिटायडिस या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूने ती समजूत १९८० च्या दशकात मोडली. तो कोंबडीच्या अंडाशयात राहतो आणि कवच तयार होण्याआधीच बलकात शिरू शकतो. कोंबडी धडधाकट दिसते, अंडं स्वच्छ दिसतं, कवचाला तडा नसतो. अशा अंड्याकडे बघून काहीही कळत नाही. आयात करणाऱ्या देशाला एकच मार्ग उरतो. ज्या कळपातून ते आलं, तिथे साल्मोनेलाची नियमित तपासणी होते का, हे पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी पशुवैद्यकाने लिहून द्यायचं. युरोपीय संघात तर या जंतूची लागण सापडलेल्या कळपाची अंडी कवचासकट ग्राहकाला विकताच येत नाहीत, ती उष्णप्रक्रियेलाच पाठवावी लागतात. बाहेरून येणाऱ्या अंड्यांनाही तीच हमी मागितली जाते. स्वतःच्या शेतकऱ्याला जे बंधन आहे, तेच परक्या शेतकऱ्याला. यात जाच कुठला?

लेखकाने आणखी एक उदाहरण दिलंय, की अमेरिकेत अंडं धुवावंच लागतं आणि युरोपात धुतलेलं चालत नाही, म्हणजे हे सगळे नियम मनमानी आहेत. हे उदाहरण पुष्कळ ठिकाणी फिरतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. ताज्या अंड्यावर एक पातळ पापुद्रा असतो, तो कवचाची छिद्रं बुजवून ठेवतो. युरोपने ठरवलं की तो पापुद्रा राहू द्यायचा, म्हणून पहिल्या प्रतीचं अंडं धुवायचं नाही. अमेरिकेने ठरवलं की कवचावरची घाण काढायची. पण धुतल्यावर पापुद्र्याचा भरवसा राहत नाही, म्हणून पुढे ते अंडं ७.२ अंश सेल्सिअस किंवा त्याखालीच ठेवायचं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी पूर्ण आहेत. घोटाळा होतो तो एकीचा अर्धा भाग दुसरीत मिसळला की. थंड अंडं उबदार हवेत काढलं की त्याला घाम येतो, कवचावर पाणी धरतं, आणि त्या ओलाव्यासोबत जंतू छिद्रांतून आत जाऊ शकतात. आयातीच्या कागदात ‘वाहतुकीतील तापमान’ ही ओळ असते, कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असतं, आणि अधिकारी दार उघडल्यावर आधी ते यंत्र मागतो, ते या घामापायी.

आता आमच्या मालाकडे येते, म्हणजे पावडर आणि पातळ अंडं. लेखात एक वाक्य आहे: ‘पावडर तर आधीच तापवलेली असते, तिला दाखला कशाला?’ ‘तापवलेली’ हा शब्द पुरेसा नाही. किती अंशांवर आणि किती वेळ, हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत बर्ड फ्लूचा विषाणू मारायला अख्ख्या पातळ अंड्याला ६० अंशांवर १८८ सेकंद दिले आहेत. नुसत्या पातळ पांढऱ्याला ५५.६ अंशांवर ८७० सेकंद. पांढरा भाग तापवताना आधी घट्ट होतो, म्हणून उष्णता कमी ठेवायची आणि वेळ वाढवायचा. पांढऱ्याच्या पावडरची तऱ्हा तर आणखी वेगळी. वाळवण्याआधी तिच्यातली साखर काढावी लागते, नाहीतर पावडर तपकिरी पडते. वाळवल्यावर पोती गरम खोलीत ठेवतात. अमेरिकेच्या पूर्वीच्या नियमात फवारून वाळवलेल्या पांढऱ्याला ५४.४ अंशांवर किमान ७ दिवस सांगितले होते. सात दिवस! कारखानदाराला खोली अडकते, माल अडकतो, आणि एखादा दिवस वाचवायचा मोह तिथेच होतो.

आमच्या प्रयोगशाळेत पातळ अंड्याची एक जुनी चाचणी व्हायची. ती मला फार आवडायची, कारण ती माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या बाईलाही डोळ्यांनी कळायची. अंड्यात अल्फा ॲमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च खातं. ६४.४ अंशांवर अडीच मिनिटं, ही जी ब्रिटिश पद्धत आहे, त्या पद्धतीने अंडं तापलं असेल तर हे एन्झाइम मरतं. मग नमुन्यात स्टार्चचं पाणी घालायचं, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं, आम्ल घालून गाळायचं आणि वर आयोडीनचे थेंब टाकायचे. स्टार्च शिल्लक असेल तर नळीत गडद निळा-जांभळा रंग चढतो. एन्झाइम जिवंत राहिलं असेल तर त्याने स्टार्च खाल्लेलं असतं आणि नळी फिकट पिवळीच राहते. आमचा लॅबमधला मुलगा नळ्या खिडकीपाशी उजेडात धरायचा आणि मला हाक मारायचा. निळ्या नळ्यांची रांग बघितली की मी निश्चिंत मनाने पुढच्या कागदांवर सही करायचे.

पण ही चाचणी पांढऱ्याच्या पावडरला लागू पडत नाही, आणि ६० अंशांच्या पद्धतीलाही नाही, कारण तिथे ते एन्झाइम बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणजे माल हातात आल्यावर तो नीट तापवला होता का, हे दर वेळी तपासून कळेलच असं नाही. हे कळणारा माणूस दुसऱ्या देशात, त्या गरम खोलीच्या दाराशी उभा असतो. त्याने जे पाहिलं ते त्याच्या सहीने आपल्यापर्यंत येतं. त्या सहीलाच आपण दाखला म्हणतो.

एक प्रसंग सांगते. याआधी मी तो कुठे लिहिला नाही.

पांढऱ्याच्या पावडरचा एक कंटेनर आला होता, पाच बॅचचा. दाखला आला, शिक्के बरोबर, सीलचा क्रमांक बरोबर, तारीख जहाज सुटायच्या आधीची. बंदरावरच्या पशुवैद्यकीय अधिकारी बाईंनी तो परत केला. या दाखल्यांत काही ओळी जोडीने छापलेल्या असतात आणि शेजारी सूचना असते, ‘लागू नसेल ते खोडा’. एक ओळ म्हणत होती की माल अमुक अंशांवर अमुक काळ तापवलेला आहे. दुसरी म्हणत होती की माल न तापवलेला असून पुढील प्रक्रियेसाठी मान्यताप्राप्त कारखान्यात जाणार आहे. दोन्ही ओळी तशाच होत्या, एकही खोडलेली नव्हती.

“छापील फॉर्म आहे मॅडम, खोडायचं राहून गेलं असेल,” मी म्हटलं.

“राहून गेलं असेल तर ज्याने सही केली त्याने तसं सांगावं. त्याच्या वतीने मी कशी सांगू?”

“पाच बॅचचे कारखान्याचे रिपोर्ट जोडलेत की. सगळे तापवल्याचे आहेत.”

“तो कारखान्याचा कागद आहे. मला सरकारी पशुवैद्यकाचा हवा.”

मी चिडले होते. आमच्या कारखान्यातली एक लाइन त्या पावडरसाठी थांबली होती आणि वरून दर तासाला विचारणा होत होती. मी त्या संध्याकाळी अधिकारी बाईंच्या वरिष्ठांना तक्रारीचं पत्र लिहिलं: क्षुल्लक तांत्रिक कारणावरून माल अडवला जात आहे, वगैरे. ‘जाचक’ हा शब्द त्या पत्रात मीही वापरला होता. आपल्या लेखात तो वाचला तेव्हा मला ते पत्रच आठवलं.

नव्या दाखल्यासाठी पाठवणाऱ्या देशातल्या पशुवैद्यकाकडे विचारणा गेली. उत्तर यायला नऊ दिवस लागले. उत्तर असं होतं की पाचपैकी तीन बॅचची गरम खोलीची नोंद पूर्ण होती. उरलेल्या दोन बॅचच्या वेळी खोलीच्या तापमानाचा आलेख मध्येच तुटला होता, त्यामुळे त्या पूर्ण काळ तापल्या असं तो सहीनिशी म्हणू शकत नव्हता. एकाच दाखल्यात दोन प्रकारचा माल बसवायचा म्हणून त्याने दोन्ही ओळी ठेवल्या होत्या, आणि त्या दोन बॅचच्या क्रमांकांची पुरवणी कारखान्याने आम्हाला पाठवलेल्या कागदांतून गळली होती. गळली की गाळली, ते मला आजही माहीत नाही. जुना दाखला रद्द झाला, तीन बॅचना नवा मिळाला, दोन बॅच परत गेल्या.

ती पावडर आमच्याकडे क्रीममध्ये जायची. ते क्रीम भट्टीत जात नाही, तसंच थंड खाल्लं जातं, आणि त्याचे गिऱ्हाईक बहुतेक लहान मुलं. त्या दोन बॅचमध्ये साल्मोनेला होताच असं मी म्हणत नाही. तपासणी न होता त्या परत गेल्या. पण त्या वापरल्या असत्या तर आम्ही काय वापरतोय हे आम्हाला कळलं नसतं, आणि ज्या ‘क्षुल्लक’ जागी ते लिहिलेलं होतं ती जागा एका बाईने वाचली म्हणून कळलं. मी तक्रार मागे घेतली आणि त्यांना जाऊन भेटले. त्यांनी चहा मागवला आणि पुढच्या फायली काढल्या. त्या दाखल्याची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे.

आणि समजा, प्रत्येक पोतं पुरेसं तापवलेलं आहे. तरी काही गोष्टी उष्णतेने जातच नाहीत. २०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अंड्यांत फिप्रोनिल सापडलं. कोंबड्यांच्या अंगावरचे लाल माइट नावाचे बारीक किडे मारायला शेडमध्ये जे औषध फवारलं गेलं, त्यात हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांवर ते वापरायला मनाई आहे. अंड्यातली मर्यादा किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम, इतकी बारीक. युरोपभर आणि युरोपबाहेरही कोट्यवधी अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली, पाठोपाठ त्या अंड्यांपासून बनवलेली उत्पादनंही. पाश्चरायझेशनने, म्हणजे अशा ठरावीक तापवण्याने, जंतू मरतो, कीटकनाशक तसंच राहतं. म्हणून दाखल्यात आणखी एक ओळ असते, की पाठवणाऱ्या देशात औषधं आणि कीटकनाशकांच्या अवशेषांवर सरकारी देखरेखीची योजना चालू आहे. पावडर असो, बलक असो की कवचाचं अंडं, ही ओळ सगळ्यांना लागते.

दाखला ही एखाद्या कारकुनाने बसल्याजागी काढलेली कल्पना नाही. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात मुक्कामाला थांबली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग युरोपात शिरला. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये जनावरांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय काढलं, तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. कोणत्या देशात कोणता रोग आहे हे एकमेकांना प्रामाणिकपणे कळवायचं, हा तिचा पाया. आपण आज ज्या ओळींवर वैतागतो, त्यांची सुरुवात त्या धक्क्यावर झाली.

आता लेखकाचं जे बरोबर आहे ते मान्य करते. एका देशात कुठेतरी बर्ड फ्लू निघाला की त्या अख्ख्या देशाची अंडी, पावडरसकट, अनिश्चित काळ बंद, ही पद्धत चूक आहे. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस करार, म्हणजे माणसं, जनावरं आणि पिकं यांच्या आरोग्यासाठी व्यापारावर घालायच्या अटींचा करार, लागू आहे. त्यानुसार आरोग्याच्या अटींना शास्त्रीय आधार हवा, आणि त्याच्या सहाव्या कलमानुसार देशाचा रोगमुक्त भाग वेगळा ओळखायला हवा. या बाबतीत भारतालाही ठेच लागली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू निघाला, तेव्हाची भीती आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. पुढे भारताने बर्ड फ्लूची नोंद झालेल्या देशांमधून कोंबडी आणि अंडी घेणं बंद ठेवलं, सौम्य प्रकारच्या विषाणूसाठीसुद्धा. १९ जुलै २०११ च्या अधिसूचनेत ते सगळं होतं. अमेरिकेने मार्च २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, २०१४ मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला आणि जून २०१५ मध्ये अपिलातही तो मुख्यतः कायम राहिला. निकालाचा गाभा हा होता की बंदी आंतरराष्ट्रीय मानकांना धरून नव्हती आणि रोगमुक्त विभागांचा विचार तिच्यात नव्हता. दाखले मागू नका, असं त्या निकालात कुठेही नाही. उलट, विभागवार आयात करायची तर कुठल्या फार्मचं, कुठल्या जिल्ह्यातलं अंडं हे कागदावर अधिक काटेकोर हवं. बंदी जितकी अरुंद करायची, तितका दाखला नेमका लागतो.

जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेतही ही वाट आहे. लागण झालेल्या कोंबड्या नष्ट करून जागा निर्जंतुक केल्यावर, पाळतीत काही सापडलं नाही तर, किमान २८ दिवसांनी तो भाग पुन्हा रोगमुक्त मानता येतो. आणि नुसत्या रानपक्ष्यांत विषाणू सापडला म्हणून पाळीव कोंबड्यांच्या मालावर बंदी घालू नये, असंही तिथे स्पष्ट आहे. लेखकाने ‘बंदी २८ दिवसांत उठवा, जिल्ह्यापुरती ठेवा’ असं लिहिलं असतं तर मी त्यांच्या बाजूने पत्र लिहिलं असतं.

टंचाईत काय करावं, याचं उदाहरण समोर आहे. दक्षिण कोरियात २०१६ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूमुळे ३ कोटींहून जास्त पक्षी मारावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सरकारने अंडी आणि अंड्याच्या उत्पादनांवरचं आयातशुल्क तात्पुरतं शून्य केलं आणि अमेरिकेतून अंडी विमानाने आणली. अंडी विमानाने! इतकी गरज होती. तरी मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात बर्ड फ्लू निघाला तेव्हा कोरियाने अमेरिकेची अंडी थांबवली. पूर्ण देशाची थांबवली, ते मला जास्त वाटतं. पण शुल्क सोडलेल्या सरकारने आरोग्याची अट सोडली नव्हती, हे लक्षात घ्यावं. खुद्द अमेरिकेत २०१५ मध्ये सुमारे ५ कोटी पक्षी गेले. तेव्हा त्यांनी नेदरलँड्सच्या अंडी उत्पादनांना दार उघडलं, तेही तिथली तपासणी व्यवस्था आपल्या तोडीची आहे हे मान्य झाल्यावर.

खरा वेळ कुठे जातो, ते मी सांगते. तो अटींमध्ये जात नाही, दाखल्यातल्या चुका माल पोचल्यावर सापडण्यात जातो. सीलचा एक आकडा उलटा, कारखान्याचा मान्यता क्रमांक जुना, वजन निव्वळ की खोक्यासकट याचा घोळ, बॅच क्रमांक पोत्यावर एक आणि कागदावर एक. अशी चूक आयातदाराला पेनाने दुरुस्त करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण तीच चूक माल चढवण्याआधी सापडली तर तासाभराचं काम असतं. शेवटची काही वर्षं मी पुरवठादाराकडून दाखल्याचा मसुदा आधी मागवायची, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि पॅकिंग लिस्टशेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवायची आणि मगच सहीला जाऊ द्यायची. त्यानंतर आमचा माल कागदासाठी क्वचितच अडला. हे प्रत्येक आयातदाराकडे माझ्यासारख्या बाईने आपापल्या टेबलावर करावं अशी अपेक्षा चूक आहे. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनीच मसुदा आधी तपासून द्यावा, अशी सोय नियमात हवी. दाखला एका सरकारच्या संगणकातून थेट दुसऱ्या सरकारच्या संगणकात जाण्याची व्यवस्था अनेक देशांत आहे. युरोपीय संघाची ‘ट्रेसेस’ ही त्यातली मोठी. तिथे दोन्ही ओळी न खोडलेला फॉर्म पुढे सरकूच नये, इतकी साधी गोष्ट यंत्राला शिकवता येते.

आणि जिथे तपासणी होते तिथे माणसं पुरेशी हवीत. एका पशुवैद्यकाच्या टेबलावर दिवसाला शंभर फायली असतील तर न खोडलेली ओळ दिसणार नाही. टंचाईच्या काळात माल वाढतो, तेव्हा अधिकारी वाढवायचे असतात. अटी कमी करून तोल सांभाळायचा नसतो.

शेवटी एक विनंती. या दाखल्यांचे नमुने सरकारी संकेतस्थळांवर उघडे असतात, पण कायद्याच्या भाषेत. सामान्य वाचक तिथवर जात नाही. आपल्या पुरवणीने पांढऱ्याच्या पावडरच्या दाखल्याचा एक नमुना, प्रत्येक ओळीच्या बाजूला ती का आहे हे लिहून, सोप्या मराठीत छापावा. अर्धं पान पुरेल. मजकूर मी तयार करून देते, आणि लेखकाला हरकत नसेल तर छापण्याआधी त्यांना वाचायलाही देईन.

कळावे,

आपली नम्र,
आयात विभागातून निवृत्त झालेली एक वाचक